जाम झालेलं इंजिन कसं सोडवलं

परसात वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, टाटा-मर्सिडीज ट्रक १४ पावसाळे उभा होता. टाटा आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९. पुढच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा (चांदणीचं चिन्ह) असलेले ट्रक त्या काळातले. भंगारवाला फेऱ्या मारायचा, पण मन होईना.

इंजिन पुरतं जाम. स्टार्टर मुद्दामच लावला नाही. हिसक्याने पिस्टनच्या रिंगा तुटतात. सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढले आणि त्या भोकांतून डिझेल व एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं ओतलं. नोझलखाली प्रीचेंबर, म्हणजे बारीक भोकांची छोटी कुपी, असल्यामुळे ते हळूहळूच झिरपतं, म्हणून घाई करू नका. रोज संध्याकाळी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) नटाला लांब पाना लावून पुढे-मागे हलका जोर द्यायचो. अकराव्या दिवशी बोटभर हललं! त्या रात्री मला झोप लागली नाही.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. नोझल बसवण्याआधी इंजिन हाताने फिरवून पिस्टनवर साचलेलं ते तेल बाहेर काढा. नाहीतर द्रव दबत नाही आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

मग ऑइल बदललं, टाकी धुतली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला आणि डिझेलमधली हवा काढली. तिसऱ्या स्टार्टला निळा धूर ओकत गाडी बोलली. अण्णा ओट्यावरून उठून आले आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

आता ब्रेकचे व्हील सिलिंडर उघडायचेत.