कालव्यावरच्या धक्क्याला मासेमारीची बोट लिफ्टवर कशी ठेवावी

बोट पाण्यात नुसती बांधून ठेवली, तर काही आठवड्यांतच तिच्या तळाला शेवाळ धरू लागते आणि पाणी खारे असेल तर बार्नेकलची कवचेही चिकटतात. एका टोकाला बंद असलेल्या कालव्यात पाणी खेळते राहत नाही, बुळबुळीत थर साचतो आणि तळ घासण्याचे काम वाढते. लिफ्टवर, म्हणजे बोट पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या यंत्रणेवर, ठेवलेल्या बोटीचा हा सगळा त्रास वाचतो. मात्र पाण्यात असताना बोटीचा भार तिच्या बुडालेल्या साऱ्या तळावर विभागलेला असतो, तर लिफ्टवर तोच भार दोन आधारपट्ट्या, त्यांच्या खालच्या दोन तुळया आणि चार कोपऱ्यांतल्या वायररोपवर, म्हणजे तारा पिळून केलेल्या दोरांवर, येतो. येथे चार खांबांची, वायररोपने पाळणा (आधारपट्ट्या व तुळयांचा, बोट पेलणारा सांगाडा) वर ओढणारी लिफ्ट डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण बहुतेक खासगी धक्क्यांवर तीच दिसते.

लिफ्ट निवडण्यापूर्वी, किंवा आधीपासून असलेल्या लिफ्टवर नवी बोट चढवण्यापूर्वी, वजनाचा हिशोब कागदावर मांडावा. बोटीच्या माहितीपत्रकात दिलेले वजन बहुधा रिकाम्या सांगाड्याचे असते आणि कित्येकदा त्यात इंजिनही धरलेले नसते. त्यात आउटबोर्ड इंजिन, बॅटऱ्या, नांगर व साखळी, बर्फाची पेटी, जाळी, गळ आणि भरलेली इंधनटाकी मिळवावी लागते. पेट्रोलचे वजन लिटरला साधारण पाऊण किलो भरते, म्हणजे २०० लिटरची भरलेली टाकी एकटीच दीडशे किलोंची असते. जिवंत आमिषाची टाकी १०० लिटरची असेल आणि परत आल्यावर ती रिकामी करायची राहिली, तर आणखी १०० किलो वाढतात. या बेरजेवर निदान वीस टक्के जादा क्षमता असलेली लिफ्ट घ्यावी, असे माझे मत आहे. एवढी सूट ठेवली, तर पुढे जड इंजिन बसवताना लिफ्ट बदलावी लागण्याची शक्यता कमी होते.

या हिशोबात न बसणारे आणि सर्वांत घातक वजन पावसाच्या पाण्याचे. बोटीचा उघडा भाग १० चौरस मीटर आहे आणि रात्रीत ५० मिलिमीटर पाऊस झाला, असे धरले, तर ५०० लिटर म्हणजे अर्धा टन पाणी आत पडते. ते वाहून गेले नाही तर मागच्या बाजूला साचते, आणि इंजिनाचा भारही तिथेच असल्यामुळे मागच्या दोन वायररोपवर ताण एकवटतो. म्हणून लिफ्टवर चढलेल्या बोटीचे तळाचे बूच काढूनच ठेवावे आणि पुढचे टोक किंचित उंच राहील असा पाळणा बसवावा, म्हणजे पाणी आपोआप मागच्या भोकाकडे उतरते. आतले पाणी उपसणाऱ्या पंपावर या कामासाठी विसंबू नये, कारण त्याची बॅटरी नेमकी संततधारेतच उतरते. पालापाचोळा, माशांचे खवले आणि दोऱ्याचे तुकडे बुचाच्या भोकात अडकतात. तेथे हाताचे बोट घालून एकदा पाहणे हाच खरा उपाय. काढलेले बूच इंजिनाच्या किल्लीलाच बांधून ठेवावे, म्हणजे ते लावल्याशिवाय बोट पाण्यात उतरवली जाणार नाही.

आधारपट्ट्यांची जागा ठरवण्याचे काम घाईने उरकू नये. बोटीच्या तळात आतून लांबीच्या दिशेने मजबूत कणे असतात आणि पट्ट्या त्यांच्याच रेषेत आल्या पाहिजेत. दोन कण्यांमधल्या पोकळ भागावर पट्टी आली, तर फायबरचा तळ हळूहळू आत दबतो. पट्टी मागे इंजिन धरणाऱ्या फळीपर्यंत पोहोचलेली असावी. मागचा हातभर भाग अधांतरी राहिला, तर इंजिनाच्या वजनाने तळाला बाक येतो आणि पुढे बोट वेगात नीट चालत नाही. खोली मोजणाऱ्या यंत्राचा संवेदक किंवा पाणी घेण्याचे तोंड पट्टीखाली चिरडले जाऊ नये, याचीही खात्री करावी. पहिल्या वेळी बोट पाण्याबाहेर जेमतेम वीतभर उचलून थांबावे आणि पुढच्या व मागच्या वायररोपवरचा ताण पाहावा. मागचे अधिक ताणलेले असतील, तर बोट परत तरंगती करून थोडी पुढे सरकवावी. योग्य जागा सापडली की मार्गदर्शक खांबावर रंगाची खूण करावी, म्हणजे दर वेळी बोट त्याच ठिकाणी बसते.

कालवा समुद्राला जोडलेला असेल, तर उंची ठरवताना रोजच्या भरतीवर भागत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती अधिक चढते आणि त्याच दिवसांत ओहोटीही अधिक खाली जाते. त्यामुळे वर टांगलेल्या बोटीचा तळ उधाणाच्या भरतीपेक्षा पुरेसा उंच असावा, आणि ओहोटीला पाळणा तळाच्या गाळाला टेकायच्या आतच बोट तरंगून मोकळी होते की नाही, हेही पाहून ठेवावे. उथळ कालव्यात कित्येकदा मासेमारीची वेळ लिफ्टच ठरवते. लिफ्टवर छप्पर असेल, तर बोट वर घेण्यापूर्वी अँटेना आणि गळाच्या उभ्या काठ्या खाली घ्याव्यात.

वायररोप हा या व्यवस्थेतला झिजणारा भाग आहे आणि तो बदलण्यात कंजुषी करू नये. खाऱ्या पाण्यावर जस्तलेपित वायररोप दोन-तीन वर्षांत बदलणे शहाणपणाचे ठरते. स्टेनलेसचा वायररोप दिसायला चांगला राहतो, पण कप्पीवरून पुन्हा पुन्हा वाकून तो आतून तुटत जातो आणि वरून ते कळत नाही. महिन्यातून एकदा, लिफ्टवर भार नसताना आणि वीज बंद करून, जाड कापड धरून ते वायररोपवरून सरकवावे. तुटलेली तार असेल तर धागे अडकतात आणि हातही वाचतो. एक तार जरी तुटलेली सापडली, तरी वायररोप बदलावा, आणि चारही एकदमच बदलावेत, कारण जुना व नवा सारखे ताणले जात नाहीत व बोट तिरकी होऊ लागते. वायररोप ज्यावर गुंडाळला जातो त्या ड्रमवर वेढे एकाशेजारी एक बसावेत, एकमेकांवर चढू नयेत, आणि पाळणा अगदी खाली गेला तरी ड्रमवर निदान तीन वेढे शिल्लक राहावेत. टोकाला यू आकाराचे क्लॅम्प लावताना त्यांचा वाकडा भाग नेहमी मोकळ्या, आखूड टोकावर आणि बैठक भार घेणाऱ्या बाजूवर यावी. उलट लावले तर तो वाकडा भाग भाराची बाजूच चेपून टाकतो. कप्प्यांना ग्रीस द्यावे, आणि बोट बाहेर गेलेली असतानाही पाळणा पाण्याखाली सोडून ठेवू नये.

विजेच्या बाबतीत सवलत नाही. मोटरच्या जोडणीला ३० मिलीअँपिअरवर तुटणारा अर्थ लीकेज ब्रेकर (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. वीज चालू असलेल्या धक्क्याजवळ कोणालाही पोहू देऊ नये. पाण्यात गळणारा थोडासा प्रवाहही पोहणाऱ्याचे हातपाय लुळे पाडतो, आणि गोड्या पाण्यात हा धोका खाऱ्यापेक्षा मोठा असतो.

बोट चढवताना आत कोणी थांबू नये आणि उचललेल्या बोटीखाली कोणी जाऊ नये. कालव्यातून दुसरी बोट जात असेल, तर तिच्या लाटा काठावर आपटून शांत होईपर्यंत थांबावे. तळ पट्ट्यांना नुकताच टेकलेला असताना आलेली लाट बोट उचलून परत आपटते, म्हणून हा टप्पा मध्येच न थांबता पार करावा. चारही कोपरे सारखे वर येत आहेत का, हे पाहत स्विचजवळच उभे राहावे. एक बाजू मागे पडलेली दिसताच लिफ्ट थांबवून कारण शोधावे.

परत आल्यावर इंजिनातून गोडे पाणी फिरवावे. मग इंजिन सरळ खाली सोडून ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. फक्त त्याचे टोक भरतीच्या पाण्याला लागणार नाही इतकी उंची हवी. माशांचे रक्त वाळण्यापूर्वी बोट धुवावी आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. ताडपत्री घट्ट ताणलेली असावी, पण तिच्याखाली हवा खेळती राहावी.

चक्रीवादळाचा इशारा असेल, तर बोट लिफ्टवरून उतरवून ट्रेलरने जमिनीवर आत नेणे हाच खात्रीचा मार्ग. वादळी भरतीत पाणी पाळण्याच्या वर चढले, की बोट तरंगून बाजूला सरकते आणि पाणी उतरताना खांबांच्या डोक्यांवर येऊन बसते. बोट हलवल्यावर रिकामा पाळणा शक्य तितका वर घेऊन चारही बाजूंनी खांबांना बांधावा, मोटरची वीज मुख्य स्विचपासून तोडावी, आणि वादळानंतर खांबांचे जोड व वायररोप तपासल्याशिवाय बोट पुन्हा चढवू नये.