झोळीतून गादीवर: बाळाला आपलं आपण झोपायला कसं शिकवावं

संध्याकाळी पाळणाघरातून लेकरू न्यायला आलेले आईबाप मला हमखास विचारतात, "मावशी, तुमच्याकडे दुपारी गादीवर टाकलं की झोपते म्हणता, मग घरी रात्री अकरा-अकरापर्यंत आम्हाला कशी नाचवून राहिली?" उत्तर त्यांना आवडत नाही. माझ्याकडे मांड्या दोन आणि लेकरं दहा-बारा, म्हणून माझ्याकडे लेकरू गादीवर झोपायला शिकतं. घरी एका लेकरामागे चार मांड्या, शिवाय झोळी, शिवाय मोबाइलवरची अंगाई. मग ते कशाला शिकेल?

हे सगळं साधारण सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळाला वळण लावायला जाऊ नका. पहिले दोन-तीन महिने बाळाच्या शरीराला दिवस कुठला नि रात्र कुठली तेच कळत नसतं, आणि पोट इवलंसं असल्यामुळे दर दोन-तीन तासांनी भूक लागणारच. सकाळी उजेडात न्या, रात्रीचं दूध मंद दिव्यात, गप्पा न मारता पाजा. बस, एवढंच. झोपवायला मांडी लागली तर लागू द्या.

गादी आणि खोली

गादी कडक आणि सपाट, बाळ पाठीवर, आणि गादीवर बाळाशिवाय काही नाही. राईची उशी काढा. डोकं गोल व्हावं म्हणून ती ठेवतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाजवळ उशी, लोड, मऊ दुलई, टेडी यातलं काहीही तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. डोक्याच्या आकाराची काळजी असेल तर बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, त्याला पोटावर खेळू द्या. झोळीत हनुवटी छातीला टेकते, म्हणून रात्रभर झोळी नकोच. बाळ आईच्याच खोलीत हवं, पण स्वतःच्या गादीवर. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर माझ्याशी नको, आपल्या बालरोगतज्ज्ञांशी घाला.

मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा कुलरला पर्याय नाही. झोत अंगावर घेऊ नका, भिंतीकडे वळवा, आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती दमट होते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारा. अंगात एक सुती झबलं पुरे. हात-पाय गार लागले की आजी कुंची आणायला धावतात. हात-पाय बघू नका, मान आणि पाठ बघा. ती घामेजली असेल तर बाळाला उकडतंय. आणि सहा महिन्यांच्या आत, कितीही ऊन असलं तरी, वरचं पाणी नाही; आईच्या दुधात लागेल तेवढं पाणी असतं.

वेळ

४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, १ ते २ वर्षांत ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांत १० ते १३ तास. यात दुपारची झोपही आली. आता हिशोब करा. सकाळी सातला उठणारं वर्षाचं लेकरू रात्री अकराला झोपत असेल तर त्याची झोप तुम्हीच खाताय.

उठायची वेळ पक्की करा, झोपायची आपोआप जागेवर येते. दुपारची झोप चारच्या पुढे जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात इथे सातपर्यंत उजेड असतो आणि गारवा सुटला की अख्खं घर लेकरू घेऊन फुटाळा तलावावर निघतं. जा, पण साडेसातला परत या. बुटीबोरीच्या कारखान्यातून नऊला घरी येणारे बाबा बाळाला वर उडवून हसवतात, तेही बंद. बाबांनी सकाळ घ्यावी. मालिश-आंघोळ त्यांच्याकडे दिली की दोघांचंही भागतं.

आठच्या सुमारास कोमट पाण्याने अंग पुसा, दूध द्या, दिवा मंद करा, एक अंगाई म्हणा, गादीवर ठेवा. रोज हाच क्रम. दूध सुरुवातीला, शेवटी नाही. का, ते खाली येतंच.

खरी अडचण: खाली ठेवणं

इथे भल्याभल्यांची पंचाईत होते. मलाही सुरुवातीला हे जमत नव्हतं, कारण मला सगळे तेच सांगत होते जे तुम्हाला सांगतात: "गाढ झोपू दे, हात ढिला पडला की अलगद ठेव." हा सल्ला मला आता ऐकवतसुद्धा नाही.

बाळाची झोप सलग नसते. साधारण तासाभराचा एक फेरा असतो, आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं. आपणही होतो, कूस बदलून पुन्हा झोपतो. तुम्ही हॉलमध्ये सोफ्यावर झोपलात आणि जाग आली तेव्हा गच्चीवर असलात, तर कूस बदलून झोपाल का? ओरडत उठाल. बाळ झुलत्या झोळीत, तोंडात दूध असताना झोपलं आणि जाग आली तर खाली न हलणारी गादी, तोंडात काही नाही. ते रडतं ते या बदलाला. घरातले म्हणतात भूक लागली, दूध पाजतात, ते पुन्हा दुधावर झोपतं, आणि तासाभराने हेच सगळं पुन्हा. म्हणून बाळ जिथे आणि जसं झोपी गेलं, जाग येईल तेव्हा तिथे तसंच असलं पाहिजे. म्हणजे ते गादीवर जागं असतानाच ठेवायला हवं.

जागं म्हणजे किती जागं? "पेंगुळलेलं पण जागं" असं सगळीकडे छापलेलं असतं. पेंगुळलेलं लेकरू निम्मं झोपलेलंच असतं, त्याला उरलेली निम्मी झोप शिकवून काय उपयोग? माझी खूण अशी: खाली ठेवताना त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं पाहिजे. दूध पिताना पापण्या जड व्हायला लागल्या तर दूध थांबवा, खांद्यावर घ्या, ढेकर काढा, थोडं जागं करा. आजी कपाळाला हात लावतील, लावू द्या.

पण फार उशीरही नको. भुवयांच्या वरचा भाग लालसर होतो, बाळ कान ओढतं, खेळणं हातात असून भलतीकडेच टक लावून बसतं. हीच वेळ. ती हुकली की लेकरू झोपेवरून उतरतं, कातावतं, आणि मग तासभर कुणालाच दाद देत नाही.

ठेवण्याची पद्धत बघा. बहुतेक जण डोकं आधी टेकवतात, आणि डोकं मागे जाताच बाळ दचकतं. आधी पाय आणि ढुंगण टेकवा, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. पूर्ण टेकेपर्यंत तुमची छाती त्याच्या छातीजवळ असू द्या. मग एक तळवा छातीवर, हलका, आणि तिथेच थांबा. थोपटायचं असेल तर थोपटा, पण दर दोन-तीन रात्रींनी कमी करत न्या: आधी थोपटणं, मग नुसता हात, मग हात गादीवर, मग तुम्ही हातभर लांब, मग दाराशी. एकाच खोलीत सगळ्यांच्या गाद्या असतील तर लांब जाणार कुठे? मग पाठ करून पडा. डोळे मिटा, बाळाशी नजरानजर नको. त्या वेळी आई जगातली सगळ्यात कंटाळवाणी बाई वाटली पाहिजे.

रडेल. कुरकुर आणि रडणं यांत फरक करा. कुरकुरीला हात लावू नका. घसा फोडून रडलं तर उचला, शांत करा, आणि *जागं असतानाच* परत ठेवा. लागलं तर पुन्हा उचला, पुन्हा ठेवा. खोलीत एकटं रडत सोडा असं मी कुणाला सांगत नाही, त्याची गरजही पडत नाही. अशा सवयींनी मुलाच्या मनावर परिणाम होतो का, ही भीती मात्र रास्त आहे. ऑस्ट्रेलियात सात-आठ महिन्यांच्या बाळांना शेजारी बसून किंवा थोड्या थोड्या वेळाने जाऊन समजावत झोपायला शिकवलं होतं. पाच वर्षांनी त्यांची पाहणी झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. मुलांच्या वागण्यात, मनात किंवा आईबापांशी असलेल्या नात्यात कुठलाही अपाय आढळला नाही.

सुरुवात रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करा, कारण तेव्हा झोप सर्वांत जड असते. पहिला आठवडा दुपार झोळीत गेली तरी चालेल, आजींचाही मान राहतो. आजींशी बोलणं आधी, दिवसाउजेडी करून घ्या. रात्री साडेआठला दाराआडून "अवो सूनबाई, रडून राहिलं ना पोट्टं, घे ना वो!" असं आलं की सुनेचे हात पहिले ढिले पडतात.

आणि एक ताकीद. तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं कमी होण्याऐवजी वाढू शकतं, आणि बहुतेक घरं तिथेच मोडतात. त्या रात्री पाऊण तासाने झोळी काढलीत तर बाळ एवढंच शिकेल की पाऊण तास रडलं की झोळी मिळते. यापेक्षा सुरुवातच न केलेली बरी. ताप, लसीचा दिवस, घरात लग्न, आजोळी मुक्काम अशा वेळी सुरू करू नका. लग्नाहून आल्यावर सगळं विसरलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून करा, दुसऱ्यांदा लवकर जमतं.

रात्रीचं दूध वेगळी गोष्ट. सहा महिन्यांनंतरही काही बाळांना एखाद्या वेळी खरंच लागतं. वजन नीट वाढतंय ना हे डॉक्टरांना विचारूनच बंद करायचं ते ठरवा.

चालायला लागलेली मुलं

गादीवरून उठून आलं की हात धरून परत न्या, एकच वाक्य बोला, तेही रोजचंच. पाणी एकदा, शू एकदा. गोष्टी दोन म्हटल्या तर दोनच. दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांची एक होते. दोन वर्षांच्या आत मोबाइल नाही, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंच म्हणणं आहे. नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

झोप यावी म्हणून काहीही चाटवू नका. उगाळलेलं जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं, सर्दीचं औषध झोपेसाठी नाही, आणि वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही. जुन्या काळी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या आया बाळांना अफूची बाळागोळी देत, ती बाळंही छान झोपायची. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, श्वास मध्येच अडकत असेल तर डॉक्टरांना दाखवा. फिकट दिसतं आणि रात्रभर पाय झाडतं, अशा मुलाचं लोह तपासून घ्या.

जूनच्या शेवटी पाऊस लागला की काही घरांतून पुन्हा फोन येतात: "मावशी, शिकलेलं सगळं गेलं, कुत्रं भुंकलं तरी उठते." कुलर काढला का, हे मी आधी विचारते. दोन-अडीच महिने त्या घरघरीत झोपलेल्या लेकराला शांत खोलीत गाडीचा हॉर्नही ऐकू येतो. कुलर एकदम काढू नका. टाकी रिकामी करा, पंप बंद, नुसता पंखा चालू द्या. मग तो दर दोन-तीन रात्रींनी एकेक नंबर कमी करत आणा, आणि शेवटी छताच्या पंख्यावर या.