ट्रकचं चार्जिंग स्टेशन आखताय? आधी घड्याळ बघा, किलोवॅट नंतर

सगळ्यात महागडी चूक आराखड्याच्या पहिल्याच पानावर होते. ताफ्यात 40 ट्रक, म्हणून 150 किलोवॅटचे 40 चार्जर, म्हणून 6,000 किलोवॅटचा वीजभार. बेरीज बरोबर आहे, हिशेब चुकलाय. ट्रक रात्री 8 ला डेपोत येतात आणि सकाळी 6 ला निघतात. दिवसाला 200 किलोमीटर धरा, किलोमीटरमागे साधारण 1.2 युनिट. म्हणजे ट्रकमागे 240 युनिट, सगळ्यांचे मिळून 9,600. ते दहा तासांत वाटले की 960 किलोवॅट. गळती आणि थोडी राखीव धरली तरी 1,300 च्या आसपास भागतं. उरलेला भार मंजूर करून घेतला, तर न वापरलेल्या ताकदीचे पैसे मोजत बसायचं.

पण हा आकडा बघून लगेच खूश होऊ नका. तेच ट्रक एखाद्या दिवशी कोंडीत अडकून मध्यरात्री आले, तर हातात सहाच तास राहतात आणि गरज 1,600 किलोवॅटवर जाते. त्यामुळे सरासरी दिवस बाजूला ठेवा आणि गेल्या वर्षातले सगळ्यात वाईट दहा दिवस काढा. कोणता ट्रक किती वाजता आला, किती वाजता गेला, किती धावला, एवढ्या तीन रकान्यांवर निम्मी आखणी होते. हे रकाने न मागता चार्जरचा कॅटलॉग उघडणाऱ्या सल्लागाराला मी तरी काम देणार नाही.

वीजजोडणीचा अर्ज शेवटी करणं ही दुसरी चूक. चार्जर काही महिन्यांत मिळतात. उपकेंद्राची क्षमता वाढवायची असेल, तर मात्र काम वर्षांवर जाऊ शकतं. जागेचा करार करण्याआधी जवळच्या फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवर) किती भार शिल्लक आहे ते विचारा. केबलसाठीचे चर पुढच्या टप्प्याच्या मापाने आत्ताच खणून पाइप टाकून ठेवा, नाहीतर तेच काँक्रीट दोनदा फोडावं लागेल.

महामार्गावर घड्याळ आणखी कडक असतं. युरोपियन युनियनमध्ये चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. ताशी 80 च्या वेगाने तेवढ्या वेळात 360 किलोमीटर होतात, म्हणजे सुमारे 430 युनिट खर्च. ते पाऊण तासात परत भरायचे, तर सरासरी 575 किलोवॅट लागतात. 350 किलोवॅटची गन (चार्जरच्या केबलचा ट्रकला लावायचा प्लग) तेवढ्या वेळात 260 युनिट देते, तेही बॅटरी शेवटपर्यंत पूर्ण वेगाने घेत राहिली तर. मेगावॅट चार्जिंगचं मानक (कमाल 1,250 व्होल्ट, 3,000 अँपिअर) याच तुटीतून आलं. रात्रभर मुक्कामाच्या जागेवर मात्र मेगावॅटची गन लावणं उधळपट्टीच.

जागेबद्दल थोडक्यात: कारच्या पार्किंगचा नकाशा मोठा करून ट्रकचा होत नाही. 16.5 मीटरचा ट्रेलर उलटा घेऊन गन लावायला लावलात, तर पहिला बळी चार्जरच्या खांबाचा. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशा रांगा ठेवा. चार्जिंगचं तोंड प्रत्येक मॉडेलवर वेगळ्या जागी असतं, तेव्हा केबल पोचते का ते प्रत्यक्ष ट्रक उभा करूनच बघा.

ट्रकमध्ये हायड्रोजन भरायचं स्टेशन आखणाऱ्यांची चूक वेगळी दिसते, पण मूळ तेच. 'दिवसाला 1 टन' ऐकायला भरपूर वाटतं. युरोपियन युनियनच्या 2023 च्या नियमातही 2030 पर्यंत मुख्य मार्गांवर दर 200 किलोमीटरला एवढ्याच क्षमतेचं स्टेशन मागितलंय. चोवीस तासांनी भागलं तर हे ताशी 42 किलो होतात, म्हणजे 40 किलो भरणारा जेमतेम एक ट्रक. सकाळी दहा ट्रक एकामागोमाग आले, की तिसऱ्या-चौथ्यालाच दाब पुरत नाही. तेव्हा उच्च दाबाचा साठा किती, सलग किती ट्रक भरता येतील आणि दोन ट्रकांमध्ये किती मिनिटं थांबावं लागेल, हे करारात लिहून घ्या. दुसरा कॉम्प्रेसर (गॅस दाबणारं यंत्र) ठेवाच. आपले ट्रक 350 बार दाबाचे की 700 बारचे, तेही आधी ठरवा. 700 ला गॅस उणे 40 अंशांच्या आसपास थंड करून भरावा लागतो, आणि ती यंत्रणा नंतर जोडणं महागात पडतं.

स्टेशन सुरू झाल्यावर सर्वांत जास्त येणारी तक्रार: 'चार्जरवर 350 लिहिलंय, मिळतात 130.' यंत्र बदलायला धावू नका, आधी गुणाकार करा. 650 व्होल्टची बॅटरी आणि 200 अँपिअरची केबल म्हणजे 130 किलोवॅटच. केबल मोठी असेल, तर शेजारच्या गनबरोबर ताकद वाटली जातेय का ते बघा. मग बॅटरी 80 टक्क्यांच्या वर गेलीय का, ती फार गार किंवा गरम आहे का आणि ट्रकची स्वतःची कमाल मर्यादा किती, हे तपासा.

रात्री सगळे चार्जर एकदम थांबले, तर संशय आधी भार वाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नेटवर्कवर घ्या. संपर्क तुटल्यावर शून्यावर न येता ठरावीक कमी भारावर चार्जिंग चालू राहील, अशी सेटिंग करून घ्या. आणि ती चालते का हे बघायला, ट्रक लावलेले असताना नेटवर्कची वायर एकदा स्वतः काढून बघा.