विषबाधेच्या पेशंटचा एमडीए : आकडा नळीतच बिघडू नये म्हणून

कपाशीवर फवारणी सुरू झाली की सरकारी मेडिकल कॉलेज असो की मेयो हॉस्पिटल, नागपूरच्या कॅज्युअल्टीत कीटकनाशकाच्या केसेस ठरलेल्या. 2017 चं यवतमाळ, तिथले फवारणीच्या विषबाधेने झालेले शेतकऱ्यांचे मृत्यू, विदर्भ विसरलेला नाही. ऑरगॅनोफॉस्फेट (कीटकनाशकांचा एक गट) कोलिनेस्टरेज हे नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम अडवतं हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच वेळी फ्री रॅडिकल (अस्थिर, मोडतोड करणारे रेणू) पेशींच्या पडद्यातल्या चरबीवर तुटून पडतात. त्या मोडतोडीतून उरतो तो मॅलॉनडायअल्डिहाइड, म्हणजे एमडीए. थिसिससाठी बहुतेक जण हाच मोजतात आणि बहुतेकांचा घोटाळा मशीनवर नाही, रक्त काढतानाच होतो.

अॅट्रोपिन (या विषबाधेवरचं पहिलं इंजेक्शन) सँपलसाठी एक मिनिटही थांबवायचं नाही. पाम (प्रॅलिडॉक्सिम, दुसरा उतारा) मात्र कोलिनेस्टरेजचा आकडा बदलतो, म्हणून जमेल तर रक्त त्याआधी घ्या. सलाईन लागलेल्या हातातून घेऊ नका. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत 3 मिली पुरे. बारीक सुईने जोरात ओढलं किंवा नळी खळखळ हलवली की हिमोलिसिस होतं, म्हणजे लाल पेशी फुटतात. हिमोग्लोबिनमधलं लोह स्वतःच चरबी जाळतं आणि एमडीए खोटा चढतो. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर सरळ फेकून द्या, 'थोडंसंच आहे' म्हणून ठेवू नका. नागपूरच्या उन्हात वॉर्डापासून लॅबपर्यंत नळी बर्फातच न्या, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करा. उरलेला प्लाझ्मा उणे 80 वर ठेवा. उणे 20 वर एमडीए हळूहळू वाढतच राहतो.

लाल पेशींतलं कोलिनेस्टरेजही हवं असेल तर 200 मायक्रोलीटर रक्त तिथल्या तिथे 4 मिली थंड सलाईनमध्ये टाका. नाहीतर रक्तातलं विष नळीतही एन्झाइम मारत बसतं.

रिएजंट 100 मिलीसाठी असा : ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड 15 ग्रॅम, थायोबार्बिट्युरिक अॅसिड 0.375 ग्रॅम, तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिड 2.1 मिली, बाकी पाणी. थायोबार्बिट्युरिक लवकर विरघळत नाही, थोडं कोमट करा. 20 मिलिग्रॅम बीएचटी (अँटिऑक्सिडंट) जरा अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात घाला. उकळताना नवीन एमडीए तयार होऊ नये म्हणून हे लागतंच.

1 मिली प्लाझ्मा, 2 मिली रिएजंट. नीट मिसळा, नळीच्या तोंडावर काचेची गोटी ठेवा (वाफ उडाली की आकडा वाढला), उकळत्या पाण्यात 15 मिनिटं. गार करून 1000 जी वर 10 मिनिटं फिरवा आणि वरचं गुलाबी पाणी 535 नॅनोमीटरवर वाचा. ब्लँकमध्ये प्लाझ्माच्या जागी पाणी. प्लाझ्मा दुधाळ किंवा पिवळाधमक असेल तर थायोबार्बिट्युरिक न घातलेली वेगळी नळीही लावा. आलेल्या अॅब्सॉर्बन्सला 19.2 ने गुणा : 0.18 आलं तर दर मिलीला 3.46 नॅनोमोल.

हा आकडा पाहून बेडवरचा उपचार बदलत नाही, आणि नुसता एमडीए वाढला म्हणून व्हिटॅमिन सी सुरू करण्यातही अर्थ नाही.

केस पेपरवर औषधाचं नाव (नातेवाइकांना बाटली आणायला सांगा), विष गेल्यापासून रक्त काढेपर्यंतचे तास आणि आधीच्या दवाखान्यात दिलेली इंजेक्शनं लिहाच. मधुमेह, दारू, बिडी आणि खर्रा हेही विचारा. तंबाखूनेच एमडीए चढतो, त्यामुळे खर्रा न खाणाऱ्या स्टाफचं रक्त कंट्रोल (तुलनेसाठी) म्हणून चालत नाही. ओपीडीत आलेले, त्याच वयाचे, खर्रा खाणारे शेतकरी कंट्रोलला घ्या.