तलाव हिरवा झाला म्हणून मोरचूद टाकू नका, आणि तळ्याकाठच्या इतर काही चुका

मोरचूद टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं तळं इतकं निवळशंख दिसत होतं की कुणीतरी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली चाळीस अंगठे आले. त्याआधी महिनाभर पाणी पालकाच्या सारासारखं हिरवं झालं होतं. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या गावठाणातलं हे लहानसं तळं, आणि त्याची उठाठेव करणारे आम्ही सात-आठ हौशी लोक. शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, चालतं असं एकाने सांगितलं, आम्ही आणून शिंपडलं.

चौथ्या दिवशी पहाटे वॉचमनचा फोन आला. "साहेब, मासे वर आलेत."

गेलो तेव्हा मासे मेले नव्हते. पाण्याच्या रेषेला तोंड लावून ओठांची उघडझाप करत होते, शेकड्यांनी. सात वाजेपर्यंत मोठे रोहू उलटे झाले. गावठाणातल्या एका काकांनी काठीने एक मासा काठाला ओढला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "विष नाय ह्ये. दम लागून मेलाय. विषानं मेले असते तर बारकी पोरं आधी गेली असती."

काकांचं निदान बरोबर होतं. प्राणवायू कमी पडला की आधी मोठे मासे जातात, कारण त्यांची गरज जास्त. शिवाय लहान मासे पृष्ठभागाजवळच्या पातळ थरावर थोडा वेळ तग धरतात. शेवाळ एकदम मेलं, तळाला बसलं, ते कुजवणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू संपवला. ज्या निवळशंख पाण्याला चाळीस अंगठे मिळाले, ते पाणी गुदमरत होतं. आणि मोरचुदातलं तांबं काही उडून जात नाही, ते गाळात बसून राहतं.

तळ्याच्या बाबतीत ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक अशाच: पाणी स्वच्छ दिसावं म्हणून केलेल्या.

अकरा वाजता पाणी तपासणं

पाण्याचा नमुना घ्यायला माणूस येतो अकराच्या सुमारास. ऊन असतं, शेवाळ प्रकाशसंश्लेषण करत असतं, प्राणवायू भरपूर. अहवाल झकास येतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट खातं. म्हणून सगळ्यात कमी आकडा मिळतो तो सूर्योदयाच्या आसपास. ३० अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून विरघळून प्राणवायू मावतो तोच मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, त्यात मुंबईचा एप्रिल-मे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठी किमान ४ आणि अंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम धरले आहेत. दुपारी ९ दाखवणारं हिरवं तळं पहाटे २ वर आलेलं असू शकतं.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानांत प्राणवायू, अमोनिया आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी) तपासायचे छोटे किट मिळतात. पहाटे साडेपाचला एकदा आणि दुपारी तीनला एकदा, असं महिन्यातून दोनदा केलं तरी पुरे. दोन आकड्यांत जितकी दरी, तितकं शेवाळ जास्त. दुपारी पीएच ९ च्या वर जात असेल तर आणखी सावध राहा, कारण पीएच आणि तापमान वाढलं की पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो.

किट नको असेल तर डब्याचं गोल झाकण घ्या, चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध दोरी बांधून सोडा. एक-दीड फुटाच्या आतच दिसेनासं झालं आणि पाणी हिरवं असलं, तर तळ्याला अन्न जास्त होतंय.

कारंजं संध्याकाळी लावणं

आमच्याकडे कारंजं आलं. रंगीत दिव्यांसकट. संध्याकाळी सहा ते नऊ, म्हणजे लोक फिरायला येतात त्या वेळात ते चालायचं आणि नऊला बंद. तळ्याला त्याची गरज रात्री अकरा ते सकाळी सात! मी टायमर बसवायचं सुचवलं तेव्हा समितीतल्या एका गृहस्थांनी अगदी मनापासून विचारलं, "पण रात्री ते बघणार कोण?"

टायमर बसला, वर्षभराने. दिवे मात्र बंद ठेवले, कारण समोरच्या इमारतीतल्यांची झोपमोड होते आणि माशांना रंगाशी काही देणंघेणं नसतं.

एप्रिलमध्ये वाहणारा पाइप न बघणं

खरा मुद्दा इथे आहे. मुंबईत कागदोपत्री पावसाचं पाणी वेगळ्या वाहिनीतून जातं आणि मैलापाणी वेगळ्या. तळ्यात जे पाइप उघडतात ते पावसाचे. मग एप्रिलमध्ये, शेवटचा पाऊस होऊन सहा महिने उलटल्यावर, त्यातून पाणी कशाचं येतं?

एका रविवारी आम्ही पाच लिटरचा डबा आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन पाइपाखाली बसलो. सकाळी साडेसातला डबा ८ सेकंदांत भरला. दुपारी दोनला ५० सेकंद लागले. साडेसातला मुंबई काय करत असते हे सांगायला नको. पाण्याला साबणाचा वास होता आणि दुसराही. सकाळचा तो वेग तासभर टिकला तरी सव्वादोन हजार लिटर होतात. वर आपण शेवाळ मारायला औषध शोधतोय, आणि खाली हा पाइप त्याला रोज सकाळी नाश्ता वाढतोय: नायट्रोजन, फॉस्फरस, सगळं ताजं.

उगम शोधायला वेळ लागतो. मॅनहोलचं झाकण स्वतः उघडू नका, आत डोकावू नका. त्यातल्या वायूने माणसं मेली आहेत. आम्ही वॉर्ड ऑफिसात एकच अर्ज दोन खात्यांना दिला, पर्जन्यजलवाहिन्यांना आणि मलनिःसारणाला, आणि दोन्हींवर पोच घेतली. एकाच खात्याला दिलात तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवतं, आणि त्यांचंही चुकत नाही. अर्जात "घाण पाणी येते" असं लिहू नका. तारीख, वेळ, डबा किती सेकंदांत भरला, फोटो, एवढं लिहा. सोबत महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही टाका.

कर्मचारी आले, इमारतींची परवानगी घेऊन एकेका विंगच्या संडासात रंग टाकला आणि खाली पाइपाशी एक जण उभा राहिला. तिसऱ्या विंगला रंग उतरला. नूतनीकरणाच्या वेळी प्लंबरने जो पाइप जवळ सापडला त्याला जोड दिला होता. घरमालकाला पत्ताच नव्हता.

सगळे असे निष्पाप नसतात. गॅरेजचं ऑइल, हॉटेलचं खरकटं, रिक्षा धुतल्याचा फेस, हेही रस्त्याकडेच्या जाळीतून त्याच पाइपात येतं. पण सुरुवात स्वतःच्या इमारतीपासून केली तर दुसऱ्याला सांगताना तोंड राहतं.

जलपर्णी उपसून काठावर ठेवणं

पवई तलावात दर काही महिन्यांनी यंत्रं उतरतात, जलपर्णी निघते, आणि पुन्हा येते. ती येते कारण पाण्यात सांडपाणी आहे. चांगली परिस्थिती मिळाली तर ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. काढायला हवीच, पण काढून काठावर ढीग लावला तर कुजून तिने शोषलेलं सगळं पहिल्या सरीबरोबर परत पाण्यात. त्याच दिवशी गाडीत भरा किंवा तळ्यापासून लांब खत करा. आणि शेवटची झुडपं उरली की "राहू दे, फुलं छान आहेत" म्हणणाऱ्याला प्रेमाने बाजूला घ्या.

गाळाचंही तेच. मे संपताना घाईघाईने काढायचा, काठावर टाकायचा, जूनमध्ये तो परत आत. शिवाय तळापर्यंत सगळा खरवडला तर पाणी धरणारा मातीचा थर जातो आणि त्यात राहणारे जीवही. अर्धं तळं एका वर्षी, अर्धं पुढच्या. जुन्या बांधीव तलावात तर यंत्र उतरवायच्या आधी दहा वेळा विचार करा: २०२४ च्या जूनमध्ये वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात गाळ काढायला उतरवलेल्या यंत्राने जुन्या पायऱ्यांची मोडतोड झाली.

काठाला सिमेंट

सुशोभीकरण म्हटलं की सिमेंटचा कट्टा, पेव्हर ब्लॉक आणि स्टीलचं रेलिंग येतं. मातीचा उतरता काठ आणि त्यावरची लव्हाळी, पाणकणीस, आळू ही गाळणी असते. रस्त्यावरून आलेलं पाणी तिथे अडतं, गाळ बसतो, बेडूक अंडी घालतात. मगरींचंही घरटं काठच्या मातीतच. मगरी असलेल्या पवई तलावाच्या काठावरचा सायकल ट्रॅक मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बेकायदा ठरवून काढायला लावला. आमच्या तळ्याला मगर नाही, पण एका बाजूचा वीस फूट काठ आम्ही हट्टाने मातीचा ठेवला. खंड्या तिथेच बसतो, रेलिंगवर नाही.

पुण्य

शनिवारी सकाळी एक सद्गृहस्थ तीन लादी पाव घेऊन यायचे. मासे खातात त्याच्या दसपट पाव तळाला जाऊन कुजतो. पाटी लावून उपयोग झाला नाही. शेवटी त्यांना पहाटेचा फोन करून गुदमरणारे मासे दाखवले, तेव्हा थांबले. बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पिंडाचा भात, पीठ, फुलं एकाच वेळी इतकी पडतात की दम लागणारच. निर्माल्याला कलश आहे, आणि खाण्याच्या गोष्टी पाण्यात मुळीच नकोत.

गणपतीत एक गैरसमज पक्का आहे: शाडूची मूर्ती म्हणजे कितीही विसर्जित करा. पीओपी पाण्यात सहजी विरघळत नाही, हे खरं. पण लहानशा तळ्यात शे-दोनशे शाडूच्या मूर्ती गेल्या तर माती गढूळपणा आणते आणि तळ उथळ करते. घरची छोटी मूर्ती बादलीत विसर्जित करून माती कुंडीत किंवा पुढच्या वर्षीच्या मूर्तिकाराकडे जाऊ दे, मोठी महापालिकेच्या कृत्रिम तलावात.

तिसरं पुण्य म्हणजे घरचं अॅक्वेरियम रिकामं करणं. काचेला चिकटणारा मासा आणि लाल कानाचं कासव, दोन्ही अमेरिका खंडांतले, घरात मोठे झाले की तळ्यात "सोडून देतात". ते तिथे मजेत वाढतात आणि इथल्यांचं अन्न, जागा, अंडी खातात. दुकानदाराला परत द्या.

डासांसाठी तळ्याला दोष

डेंग्यू झाला की बोट तळ्याकडे. डेंग्यूचा एडिस डास पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये अंडी घालतो. मुंबईतला मलेरियाचा मुख्य डास विहिरी आणि टाक्या पसंत करतो. १९११ च्या डॉ. बेंटली यांच्या अहवालाने विहिरींकडेच बोट दाखवलं होतं, आणि मग शहरातल्या विहिरी बुजवल्या, झाकल्या गेल्या. जुने तलावही वेगवेगळ्या कारणांनी बुजले. धोबी तलाव, गवालिया टँक, आता नावातच पाणी. मासे आणि चतुरांच्या अळ्या असलेल्या जित्याजागत्या तळ्यात डासांच्या अळ्या फार टिकत नाहीत. काठावर टाकलेल्या नारळाच्या करवंट्यांत मात्र टिकतात.

लक्षण बघून ओळखा

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काठीने हलवा. तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुधा लोहजिवाणूंचा थर, घाबरू नका. पुन्हा जुळून आला तर तेल आहे, वरचं गॅरेज शोधा. कुजक्या अंड्यासारखा वास आणि काळा गाळ म्हणजे तळाला प्राणवायू नाही. कुणीतरी निळसर हिरवा ऑइल पेंट सांडल्यासारखी साय आली तर ते विष तयार करू शकणारं शेवाळ. मुलं, कुत्री, दोघांनाही लांब ठेवा आणि त्यावर काही मारू नका.

आणि मासे वर आले तर? मोठे आधी आणि पहाटे, तर प्राणवायू. बारके आधी किंवा लहानमोठे सगळे एकदम, भरदुपारी, तर कुणीतरी काही ओतलंय. पहिल्या प्रकारात पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा, कारंजं चालू करा, मेलेले मासे लगेच काढा. नळाचं पाणी थेट सोडू नका, त्यात क्लोरीन असतं. ब्लीचिंग पावडर तर अजिबात नाही, वास कितीही येवो. दुसऱ्या प्रकारात काहीही करण्याआधी पाइपाच्या तोंडाशी एक आणि तळ्याच्या मध्यावर एक, अशा दोन स्वच्छ बाटल्या काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, वेळ लिहा, बर्फात ठेवा. फोन त्यानंतर. विष वाहून जायला दोन तास पुरतात, आणि संध्याकाळी येणाऱ्या अधिकाऱ्याला पाणी अगदी नेहमीसारखं दिसतं.