गुलाबपाण्याची फिरनी: म्हशीचं दूध, घनसाळ तांदूळ आणि मातीचे परळ

फिरनी बिघडते ती बहुतेक वेळा सुगंधातच. दूध छान आटलेलं असतं, तांदूळ मऊ शिजलेला असतो आणि शेवटी गुलाबाचा इसेन्स जास्त पडतो. मग पहिल्याच घासाला साबणाची आठवण येते. म्हणून आधी गुलाबपाणी नीट निवडा. मेडिकलमधलं बहुधा चेहऱ्याला लावायचं असतं. बाटलीवर एफएसएसएआय क्रमांक असलेलं, खाण्याचंच घ्या. इसेन्सच हाताशी असेल तर लिटरमागे दोन थेंब, त्यावर नाही.

सहा-सात परळांसाठी: म्हशीचं सायीसकट दूध १ लिटर, तांदूळ ५० ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, गुलाबपाणी दोन छोटे चमचे, केशराच्या १०-१२ काड्या. वेलची नको, तिच्यापुढे गुलाब टिकत नाही.

कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध मिळालं तर उत्तमच, फक्त फेस बसल्यावर मोजा आणि नीट उकळून घ्या. तांदूळ आजरा घनसाळ घ्यावा. बारीक दाण्याचा, मुळातच वासाचा. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. घनसाळ वापरलात तर केवडा घालू नका, दोन्ही वास एकमेकांत भांडतात. साधा कोलम असेल तर केवडापाण्याचे चार थेंब चालतील.

परळ नवे असतील तर धुऊन दोन तास पाण्यात बुडवून ठेवा, मग पुसून कोरडे करा. कोरडी माती फिरनीतलं पाणी भराभर ओढते, कडेला फिरनी घट्ट होऊन तडकते आणि मातीचा वासही जास्त उतरतो. आतून रंग दिलेले परळ घेऊ नका.

तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा, निथळून फडक्यावर पसरा. हाताला ओल लागेनाशी झाली की मिक्सरला थांबत थांबत फिरवा. बोटांत बारीक रव्यासारखी कणी लागली पाहिजे. पीठ झालं तर फिरनीची खळ होते, कणी मोठी राहिली तर ती खीर.

जाड बुडाच्या पातेल्यात दूध उकळवून मध्यम आचेवर दहा मिनिटं आटवा. त्यातलं चमचाभर काढून केशर भिजवा. तांदळाची कणी अर्धी वाटी गार दुधात कालवा. गरम दुधात टाकली की जागच्या जागी गुठळ्या होतात. गॅस बारीक करून एका हाताने धार सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. पुढची पंधरा-वीस मिनिटं पातेल्यापासून हलू नका. तरी खाली लागलंच तर बूड खरवडू नका, वरचं तेवढं दुसऱ्या भांड्यात ओता.

कणी बोटांत चिरडली की मगच साखर आणि केशर. साखर आधी घातली तर कणी लवकर शिजत नाही, मध्ये टणक राहते. आपल्याकडे गूळ घालायचा मोह होतो, पण उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटू शकतं. इथे साखरच बरी. साखरेने फिरनी पुन्हा सैल होते, तेव्हा पाच मिनिटं शिजवा. पळीच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ क्षणभर टिकून कडा हळूच ओघळल्या की गॅस बंद. याहून घट्ट करू नका, गार झाल्यावर ती आपोआप आळते.

आता घाई नको. पातेल्याला हात लावून ठेवता येईल इतकं कोमट होऊ द्या, अधूनमधून ढवळा म्हणजे साय धरणार नाही. मग गुलाबपाणी घाला: आधी एक चमचा, चव बघून दुसरा. उकळत्या फिरनीत घातलं तर वास वाफेबरोबर निघून जातो, आणि वास येईना म्हणून आपण आणखी ओततो. गार झाल्यावर सुगंध थोडा मंदावतो, तेव्हा कोमट असताना किंचित पुढे वाटला तर बरोबर आहे.

परळांत ओतून झाका आणि फ्रीजमध्ये किमान चार तास ठेवा. झाकण हवंच, नाहीतर लसणाच्या चटणीचा वास फिरनी लगेच धरते. पिस्त्याचे काप वाढताना घाला, आधी घातले तर मऊ पडतात. दोन दिवसांत संपवा.