तूर घातली, तरी हंगाम गेला? आंतरपिकातल्या या चुका टाळा

मराठवाड्यात पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून नुसत्या सोयाबीनवर विसंबलेले शेतकरी पुन्हा आंतरपिकाकडे, म्हणजे एकाच रानात दोन-तीन पिकं ओळींनी घेण्याकडे, वळताहेत. फार चांगली गोष्ट आहे. पण पिकं वाढली म्हणजे धोका घटला, असं आपोआप होत नाही. सगळी पावसाच्या एकाच खंडात सापडली, तर सगळी एकदमच जातात.

सोयाबीन, मूग, उडीद एवढंच घेणं ही म्हणूनच चूक आहे. तिन्ही कमी दिवसांची. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की तिघांनाही ऐन फुला-शेंगांत फटका. तूर मात्र दीडशे दिवसांच्या पुढे चालते आणि तिची मुळं खोल जातात. ऑक्टोबरचा जो पाऊस काढणीला आलेलं सोयाबीन भिजवतो, तोच तुरीला मानवतो. खरा आधार या वेळेच्या फरकाचा आहे. सोयाबीनच्या ४ ओळींना तुरीच्या २ ठेवा. फक्त रान पाणी धरणारं असेल तर आधी चर काढा, नाहीतर तुरीला मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, लागतो.

पहिल्या सरीवर पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाऊ द्या. आणि जुलैचा मध्य उलटला, तर मूग-उडदाचा हट्ट सोडून बाजरी किंवा सूर्यफुलाकडे वळा.

ज्वारीत तूर असेल तर तणनाशकाचा डबा नीट वाचा. ज्वारीत चालणारं अ‍ॅट्राझिन तुरीला मारतं. तिथे कोळपं आणि खुरपंच बरं.

सगळ्यात महाग पडते ती बियाण्याची हयगय. घरचं सोयाबीन जरूर वापरा, पण त्याचं टरफल नाजूक असतं. मळणी यंत्र जोरात फिरवलं की डाळी होतात, पोत्यांची थप्पी उंच लावली तरी उगवण घटते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठवड्याने मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरतं; कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवा.

गावरान वाण राखताना सगळ्यात मोठं एकच कणीस निवडण्याचा मोह होतो. बाजरीत तसं करू नका. तिचं परागीकरण वाऱ्यावर होतं, तेव्हा शेताच्या मधल्या भागातली बरीच निरोगी कणसं घ्या, शेजारच्या संकरित बाजरीलगतच्या ओळी सोडा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना पद्मश्रीही मिळाली. आपल्या गावात असं बी कुणाकडे उरलंय, ते पेरणीच्या घाईत नको, उन्हाळ्यातच विचारून ठेवा.